पहिलं चित्र घेताना

चित्र विकत घ्यायचं म्हटलं की लोक लाखांचे आकडे बोलू लागतात. मी सांगेन, छापचित्रापासून, म्हणजे मोजक्या प्रतींत छापलेल्या चित्रापासून, सुरुवात करा. माझ्याकडच्या एचिंगखाली, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लानं रेषा कोरून छापलेल्या चित्राखाली, पेन्सिलीनं ७/२५ लिहिलंय, म्हणजे पंचवीस प्रतींतली सातवी. प्लेटवर रेषा ओढल्या चित्रकर्तीनं; शाई भरून, पुसून, प्रेसमधून काढली तिच्या छपाई करणाऱ्या मैत्रिणीनं. तो गहिरा काळा दोघींचा आहे!

चित्र घ्यायला गेलात तर गॅलरीची जागा लहान म्हणून नाक मुरडू नका. मुंबईची केमोल्ड गॅलरी १९६३ साली काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर छोट्याशा जागेत सुरू झाली. त्याआधी तिचे संस्थापक केकू गांधी आपल्या फ्रेमच्या दुकानात हुसेन, आरा यांची चित्रं मांडत.

आणि हो, फ्रेम करताना कागद काचेला टेकू देऊ नका. आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते.