अकरा टाचण्या, बारा टाचण्या

शाळेत असताना मी भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी 'तापमान आणि चुंबकाची शक्ती' हा विषय घेतला होता. साधा फेराइट चुंबक (काळसर, स्वस्त प्रकारचा) गरम पाण्यात ठेवून तापवायचा आणि मग त्याला किती टाचण्या चिकटतात ते मोजायचे, एवढाच बेत होता. थंड चुंबकाला कधी अकरा, कधी बारा टाचण्या चिकटत, आणि 60 अंशांपर्यंत तापवलेल्या चुंबकालाही कधी अकरा, तर कधी दहा. तीन आठवड्यांनंतर माझ्या वहीत भरपूर नोंदी होत्या, परंतु त्यातून काहीच सिद्ध होत नव्हते.

फेराइटचे चुंबकत्व दर अंश सेल्सियसला साधारण 0.2 टक्के घटते, हे मला पुढे कळले. म्हणजे 40 अंशांच्या फरकाने सुमारे 8 टक्के घट होणार आणि बारा टाचण्यांच्या मोजणीत ती जेमतेम एक-दोन टाचण्यांची असणार. पण टाचण्यांच्या संख्येत एवढा फरक तर चुंबक नुसता तिरका धरल्यानेही पडत होता. विषय चुकीचा नव्हता. जो परिणाम शोधायचा होता, त्याच्याएवढीच चूक माझ्या मोजमापात होती.

आता मुले विषय विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना आधी हाच हिशेब मांडायला लावते. बहुतेकांच्या डोक्यात 'सौरऊर्जा' किंवा 'ध्वनी' असे काहीतरी असते. ते पाठ्यपुस्तकातील प्रकरणाचे नाव झाले. त्यातून कोणती राशी बदलायची, कोणती मोजायची आणि बाकी काय स्थिर ठेवायचे, हे ठरल्याखेरीज त्याला विषय म्हणता येत नाही.

लंबकाचेच पाहा. दोरीची लांबी आणि दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, यांचा संबंध सर्वांना पाठ असतो, त्यामुळे तो पुन्हा पडताळून पाहण्यात मला स्वतःला फारसा रस वाटत नाही. मात्र लंबक किती अंशांवरून सोडला, याचा दोलनकालावर काय परिणाम होतो, हा प्रश्न लहान कोनांच्या गृहीतकालाच, म्हणजे कोन लहान असला की दोलनकाल त्यावर अवलंबून नसतो या समजुतीलाच, हात घालतो. 1 मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल सुमारे 2 सेकंद असतो. 30 अंशांवरून सोडल्यास तो साधारण 1.7 टक्के, म्हणजे 0.03 सेकंदाच्या आसपास वाढतो, तर स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाची चूक 0.1 ते 0.2 सेकंद सहज असते. वीस दोलने एकत्र मोजली, तर हाच फरक 0.7 सेकंदाच्या घरात जातो आणि बोटाच्या चुकीपेक्षा मोठा ठरतो. अर्थात वीस दोलने होईपर्यंत कोनही कमी होत जातो आणि नवी अडचण उभी राहते. पण अशा अडचणीवर प्रकल्पात दोन पाने लिहिता येतात, टाचण्यांवर काय लिहिणार?

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने केकच्या पातळ कागदी वाट्या निवडल्या. एकात एक बसवल्या की वस्तुमान वाढते, पण आकार जवळपास तोच राहतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असेल, तर चार वाट्यांचा अंतिम वेग (पडताना शेवटी स्थिर होणारा वेग) एका वाटीच्या दुप्पट असायला हवा. म्हणून एक वाटी 1 मीटरवरून आणि चार वाट्या 2 मीटरवरून एकाच क्षणी सोडल्या, तर त्या जवळजवळ एकत्र जमिनीवर टेकतात. तिने अर्ध्या तासात हे करून पाहिले आणि ते जमले. मग 3 मीटरवरून नऊ वाट्या सोडल्या, तर त्या दर वेळी किंचित मागे राहू लागल्या. तिला वाटले की प्रयोग फसला.

फसला नव्हता. वाट्या जड झाल्या की अंतिम वेग गाठायला त्यांना अधिक अंतर आणि वेळ लागतो, आणि तेवढा उशीर फोनच्या चित्रणात दिसत होता. सेकंदाला 30 चौकटींच्या हिशेबाने तो तीन-चार चौकटींचा भरला. तिने वहीतील शीर्षक खोडले आणि त्याखाली लिहिले, 'अंतिम वेग गाठण्यापूर्वी वाटी किती अंतर पडते?'