बाजाराखालचा व्हाळ

माझ्या आजोळी बाजारपेठेत चहाच्या टपरीसमोर एक लोखंडी जाळी आहे. दुपारी दुकानं अर्धी मिटलेली असताना तिथे उभं राहिलं की पायाखालून पाणी वाहताना ऐकू येतं. लहानपणी मामा सांगायचा, हा व्हाळ, म्हणजे ओढा. मला व्हाळ माहीत होता तो काजूच्या बागेतला, दगडावरून उड्या मारत जाणारा. इथे वर चपलांचं दुकान, बाजूला भाजीवाल्या आणि मध्ये रिक्षा लावलेल्या.

"आदी उघडो होतो रे," मामा म्हणाला. "पयल्या पावसात चढणीचे मासे हयसून वर येयत. आमी बत्ती घेवन धरूक येवचे. आता खंयचे मासे, आता गटार."

या फेब्रुवारीत मी, माझा भाचा (सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे) आणि मामेभाऊ असे तिघे त्या गटारात उतरलो. वरच्या मोरीपासून खाडीच्या तोंडापर्यंत साधारण सव्वाचारशे मीटर. पूर्ण पार केलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. का नाही, ते पुढे येईल. गाव सिंधुदुर्गातलं, खाडीकाठचं, एके काळी गलबतं लागायची असं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्याही गावच्या बाजाराखाली असा एखादा व्हाळ असेल, तो आधी शोधा.

दिवस ठरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. व्हाळाचं खालचं टोक खाडीत उघडतं, म्हणजे भरतीचं पाणी उलटं आत शिरतं. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण मामाचा हिशोब जुना आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, पावणेदहाच्या सुमाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. कोष्टकाशी ताडून पाहिलं, वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, खाडी चांगली खाली जाते, पण तेव्हा सुकती पहाटे नाहीतर संध्याकाळी येते आणि वळलेलं पाणी चढतंही भराभर. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीचा फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा) सुकती ऐन दुपारी मिळते, पण पाणी नीट उतरतच नाही. आम्ही मधला दिवस धरला. माघ वद्य पंचमी, महाशिवरात्रीला भरणाऱ्या कुणकेश्वराच्या जत्रेच्या नऊ दिवस आधी. आत शिरायचं ते पाणी उतरत असतानाच, आणि सुकतीच्या वेळेपर्यंत बाहेर. इथे उधाणाचा चढउतार दोन मीटरच्या आसपास, मुंबईच्या बाजूला जवळजवळ दुप्पट. तिकडच्या कुणी आमच्या वेळा उचलू नयेत.

पावसाळ्याचा तर विचारही नको. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो आणि मे महिन्यात वळवाची सर कधी कोसळेल याचा नेम नाही. गावात ऊन असतं, वर सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर) पाऊस पडतो, आणि आतल्या माणसाला ते पाणी आल्यावरच कळतं. डिसेंबर ते मार्च, बस्स.

नगरपंचायतीत अर्ज दिला, शिक्क्याची प्रत घेतली. तिथल्या साहेबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "तुमका दुसरा काय काम नाय?" उत्तर सुचलं नाही. पण त्याच कचेरीतल्या मुकादमाने कागदावर रेघ मारून दाखवली की कुठे झाकण उघडतं आणि कुठे वरून डांबर टाकून बुजवलंय. तो कागद नसता तर आम्ही उतरलो नसतो. अशी वाट दाखवणारा माणूस मिळाला नाही, तर मोरीच्या तोंडातून आत डोकावून परत या.

सव्वासातला वरच्या मोरीपाशी. मामा टपरीसमोरच्या जाळीवर बसणार, आम्ही दर दहा मिनिटांनी खालून शिटी वाजवणार. दोन शिट्या चुकल्या तर त्याने फोन करायचा. खाली उतरायचं नाही. हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण अशा अपघातात पहिल्याला काढायला गेलेला दुसराही अनेकदा जातो.

मोरी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची कमान, चुन्यात बांधलेली. तोंडाशी पालापाचोळा साठलेला, तो काठीने नीट बडवून घेतला. आमच्याकडे फुरसं असल्याच जागी असतं आणि ते पाचोळ्याच्याच रंगाचं. आत मात्र मी थक्क झालो. दोन मीटर रुंद, ताठ उभं राहता येईल एवढी उंच कमान, एक चिरा ढळलेला नाही. जिथे पाणी घासतं तिथे जांभा मऊ होऊन वाटीसारखा झालाय. वडाची मुळं सांध्यातून उतरून पाण्यात केस सोडल्यासारखी पसरलेली. वटवाघळं होती, वीस-पंचवीस. विजेरी त्यांच्यावर मारली नाही, खाली मान घालून गेलो. पाणी घोट्याएवढं आणि स्वच्छ. एक दिवड शांतपणे बाजूने निघून गेली. त्या ऐंशी मीटरसाठी मी पुन्हा जाईन.

पुढे कमान संपते आणि काँक्रीटची स्लॅब सुरू होते. दीड मीटर रुंद, पाठीत वाकून चालावं लागतं. पहिल्या वीस पावलांतच पाणी राखाडी झालं. डाव्या भिंतीतून पीव्हीसीचे पाइप बाहेर आलेले, प्रत्येकाचं पाणी वेगळं: एकाचं साबणाचं, एकाचं तेलकट, एकाचं कोमट. बहुतेक वरच्या खानावळीचं. उजव्या बाजूने नळपाण्याची लोखंडी वाहिनी या सगळ्यातूनच गेलेली, सांध्याला रबराची पट्टी गुंडाळलेली. ते पाहून भाचा मला म्हणाला, "मामा, आपण सकाळी चहा कुठला प्यायला?" स्लॅबच्या सळ्या जागोजाग उघड्या पडल्यात, गंजून फुगल्यात. डोक्याला हेल्मेट हवंच, आणि ते वरून काही पडेल म्हणून नाही, आपणच वर आपटतो म्हणून.

जाळीखाली आलो तेव्हा वरून उन्हाच्या पट्ट्या, चपलांचे आवाज, आणि एक बाई कोथिंबिरीची जुडी दहाला द्यायला तयार नव्हती. मामाचा पाय दिसला. शिटी वाजवली, त्याने वरून खडा टाकला.

साधनांबद्दल इथेच सांगतो, कारण पुढचा भाग त्यांच्यामुळेच सांगायला उरलो. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या मित्राकडून चार वायूंचा मीटर आणला होता: ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेट घेणारे वायू. त्याने आदल्या दिवशी तो तपासून दिला. हा मीटर नसेल तर झाकलेल्या गटारात जाऊच नका. वास येतो तेवढं पुरे, असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास तो नाकच मारून टाकतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं. तो हवेहून जड, म्हणून खाली साठतो आणि गाळात कोंडून राहतो. भाच्याला वारा कुठून वाहतोय ते पाहायला उदबत्ती लावायची होती. ती कल्पना मी तिथल्या तिथे हाणून पाडली, मिथेन हवेत पाच टक्के झाला की ठिणगी पुरते. टाल्कम पावडरची चिमूट उडवली, तीही कामाची.

मासळीबाजाराच्या मागे, सुमारे अडीचशे मीटरवर, पाणी गुडघ्याखाली आणि गाळ त्याहून खोल. मामेभाऊ पुढे काठी रोवत चालला होता. काठी उपटली की बुडबुडे. मी तिसरा होतो, आमचा एकुलता मीटर माझ्या छातीवर, आणि तो वाजला. हायड्रोजन सल्फाइड, दहा पीपीएम. पुढच्याला काही जाणवलं नाही, कारण पुढचा गाळ ढवळतो आणि मागच्याला ते मिळतं. ऑक्सिजनचा आकडा वीस टक्क्यांच्या वर होता, म्हणजे जीव लगेच गुदमरला नसता. पण भिंतीत एक रुंद पाइप दिसत होता आणि त्यातून जे येत होतं ते संडासाच्या टाकीचं होतं, याबद्दल शंका नको. आम्ही बोललो नाही, वळलो. वीस मीटर मागे मुकादमाने खूण केलेलं झाकण होतं, ते आधीच अर्धं सरकवून ठेवलं होतं. वर आलो ते एका शिंप्याच्या दुकानासमोर. त्याने पायमशीन थांबवलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चालू केलं.

तुम्ही जाल तेव्हा दोन मीटर न्या, एक पुढच्याकडे आणि एक मागच्याकडे. माझी ती चूक होती.

एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात आहे. माणसाला सुरक्षेची साधनं न देता गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी उतरवतात, मरतात, आणि बातमी आतल्या पानावर येते. मुकादमाला मी विचारलं, तुम्ही कधी उतरलात का? "म्हणान तर झाकणां ठावक," एवढंच म्हणाला. आमच्याकडे हौस होती आणि उसना का होईना, मीटर होता.

साडेनवाला खालच्या तोंडाशी गेलो, खाडीवरून. इथे व्हाळ दोन ह्यूम पाइपांतून (काँक्रीटच्या गोल नळ्यांतून) बाहेर पडतो, प्रत्येकाचा व्यास १,२०० मिलिमीटर. कांदळवनाच्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, पाइपाच्या तोंडावर कालवं चिकटलेली. त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, हातमोजे जाड हवेत आणि गमबूटसुद्धा फाटतो. दोन्ही पाइप निम्म्यापर्यंत गाळाने भरलेले. आत काठी घालून पाहिली, शिरलो नाही. मीटर दोरीला बांधून काठीने चार मीटर आत सरकवला, तो गप्प राहिला. पण रांगत जायच्या जागेत उलटं वळता येत नाही.

तिथे बसून भाच्याने वहीत हिशोब केला. सड्यापासून बाजारापर्यंत या व्हाळाला पाणी देणारा उतार नकाशावर अर्धा चौरस किलोमीटर भरतो. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आषाढात इथे त्याचं कुणाला नवल वाटत नाही, तर त्या उतारावर एका तासात अडीच कोटी लिटर पाणी पडतं. जमीन आधीच भिजून गच्च असते. सगळं खाली आलं असं धरलं, तर सेकंदाला जवळपास ७,००० लिटर. असा एक पाइप मोकळा असेल आणि पाणी सेकंदाला अडीच मीटर धावलं, तर २,८०० लिटर जातात, दोन्ही मिळून ५,६००. निम्मा गाळ धरा, २,८००. त्यात बाहेर खाडीला भरती असली तर तेही नाही. वर दोन मीटरची कमान, मध्ये दीड मीटरची स्लॅब, खाली हे दोन पाइप. व्हाळ खाली येता येता रुंद होतो, आमचा अरुंद होत गेलाय. चपलांच्या दुकानात दरवर्षी कमरेभर पाणी का येतं, हे विचारायला आता मी कुणाकडे जाणार नाही.

परत आल्यावरचं. कुणाच्या पायाला जखम, भेग, खरचटलेलं असेल त्याने उतरू नये. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि आमच्या जिल्ह्याला तो नवा नाही. आधी डॉक्टरांना विचारा, प्रतिबंधाची गोळी द्यायची की नाही ते त्यांनी ठरवायचं. नंतर आठवडा-दोन आठवड्यांत, कधी महिन्यानेही, ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर दवाखान्यात पहिलं वाक्य 'मी गटारात उतरलो होतो' हे असू द्या. लाजू नका.

आम्हाला मामीने घरात घेतलं नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात, माडाच्या आळ्यापाशी उभं करून डेटॉल घातलेलं पाणी ओतलं, कपडे बादलीत उकळत्या पाण्यात. बूट अजून गडग्यावर (दगडी कुंपणावर) उलटे घातलेत. मामा जाळीवरून उठून आला तो विचारत, "मासे दिसले काय रे?"

कमानीतल्या स्वच्छ पाण्यात बोटाएवढे दोन-चार दिसले होते, ते सांगितलं. तो म्हणाला, "मग जूनात बत्ती घेवन वरच्या मोरीर बसूया." आत नाही, वर. ते चालेल.