पुण्यात अनलिमिटेड कोरियन बार्बेक्यू शोधताना : माझा अनुभव

पुण्यात 'अनलिमिटेड कोरियन बार्बेक्यू' असं टाकून शोधलं की जे काही समोर येतं ना, त्यात तीन पूर्ण वेगळ्या गोष्टींची खिचडी असते आणि आधी ती निवडून घेतल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. आपली नेहमीची बार्बेक्यू बुफेवाली हॉटेलं, बार्बेक्यू नेशनच्या धर्तीची, ती सगळ्यात वर येतात. तिथे टेबलात शेगडी असते हे खरं, पण कबाब किचनमधून भाजूनच येतात आणि शेगडीवर नुसते गरम राहतात. मधूनच तिथे कोरियन फेस्टिव्हल लागतो, म्हणजे चिकन विंग्जला गोचुजांग, ती आंबवलेल्या लाल मिरचीची कोरियन चटणी, लावलेलं असतं, चवीला वाईट नाही पण ते हे नव्हे. मग अस्सल कोरियन हॉटेलं, जिथे पोर्क किंवा चिकन प्लेटच्या हिशेबाने मागवायचं आणि सोबतच्या छोट्या वाट्या, किमची (तिखट, आंबवलेला कोबी), मोड आलेली कडधान्यं, मुळ्याचं लोणचं, ज्याला बानचान म्हणतात, त्या मागाल तितक्या वेळा भरून देतात, वेगळे पैसे नाहीत. कुणीतरी तेवढ्यावरून 'अनलिमिटेड' लिहून टाकतं आणि आपण बिल बघून चक्रावतो. आणि उरतं ते मला हवं होतं ते : ग्रिल टेबलात, मीट कच्चं, भाजायचं आपण, माणशी ठरलेले पैसे, ठरलेला वेळ आणि त्या वेळात पाहिजे तेवढं. कोरियात अशी हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, पुण्यात मात्र शोधावी लागतात.

आम्हाला जायचं होतं भाच्यासाठी. लॉकडाऊनपासून घरात कोरियन सिरीयल सुरू झाल्या त्या थांबल्याच नाहीत, त्यामुळे इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष सुटलं की पार्टी तिथेच असं त्याने आधीच कबूल करून घेतलं होतं. मंडळी आठ, त्यात दोन वाढत्या वयाची पोरं जी प्लेटच्या हिशेबाने परवडलीच नसती आणि एक माझी नणंद, पक्की शाकाहारी. तिला सोबत न्यायचंच होतं आणि तिला नुसता भात खायला घालून परत आणायचं नव्हतं, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं.

रील्स बघून हॉटेल ठरवायचा नाद मी लगेच सोडला कारण रीलमध्ये कायम पहिलीच प्लेट दिसते. त्यापेक्षा कामाची माहिती मिळाली नवऱ्याच्या मित्राकडून. हे भाऊजी रांजणगावला एका व्हेंडर कंपनीत आहेत, एलजीचा कारखाना तिकडेच, त्यामुळे कोरियन साहेबांबरोबर जेवायला जायची त्यांना सवय. पुण्यात कोरियन लोक आहेत ते याच पट्ट्यामुळे, रांजणगाव, चाकण, आणि आता तळेगाव, जिथला जनरल मोटर्सचा जुना प्लांट ह्युंदाईने घेतला. राहायला मात्र बरेच जण कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, विमाननगर, खराडी या बाजूला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, स्टार बघू नका, रविवारी दुपारी जा आणि कोणत्या हॉटेलात कोरियन कुटुंबं लहान पोरं घेऊन बसलीयेत ते बघा. साहेब लोक रात्री दारूसाठी कुठेही बसतात, पण पोरांना घेऊन ते चांगल्याच ठिकाणी जातात." आम्ही कोथरूडचे, पण वनाझहून मेट्रो थेट कल्याणीनगरला जाते, त्यामुळे रविवारी नुसतं हिंडून बघणं जड गेलं नाही. पार्किंगची कटकट नाही आणि परत येताना कपड्यांना धुराचा वास घेऊन स्कूटरवर बसायचं नाही.

फोन करायला लागले तेव्हा कळलं की प्रश्न नीट विचारला नाही तर उत्तर कायम 'हो'च येतं. मी विचारलं, "दादा, ग्रिल टेबलावर आहे ना?" "हो मॅडम, सगळं लाइव्ह आहे." मग मी विचारायला लागले, "पोर्क कच्चं आणून देता की भाजून? भाजायला मी बसणार की तुमचा माणूस?" इथे बरेच जण अडखळतात. मग पुढचे : वेळ किती, नव्वद मिनिटं की दोन तास, आणि तो वेळ टेबलावर बसल्यापासून की पहिली प्लेट आल्यापासून. कोणकोणतं मीट अनलिमिटेडमध्ये आणि कशाचे वेगळे पैसे. उरलेल्या मीटचे पैसे लावता का (लावतात, आणि ते मला योग्यच वाटतं, नासाडी नको). आणि टेबलावरच्या सगळ्यांनी अनलिमिटेडच घ्यायचं का, कारण हा नियम जवळपास सगळीकडे आहे आणि शाकाहारी माणूस सोबत असेल तर तिथेच अडतं. या प्रश्नांची उत्तरं जो माणूस न कंटाळता देतो तिथली सर्व्हिस पण बरी निघते, हा माझा पक्का अनुभव.

पोर्क म्हणजे मुख्यतः सामग्योप्साल, डुकराच्या पोटाचा भाग, मांस आणि चरबीचे थर एकावर एक. ते दोन प्रकारे मिळतं. एक जाड पट्टी, बोटाएवढी, जी भाजल्यावर कात्रीने कापतात. दुसरं कागदासारखं पातळ, फ्रोझन, गुंडाळी झालेलं, ते ग्रिलवर टाकल्याबरोबर शिजतं. पातळ वाईट असतं असं नाही, पोरांना तेच जास्त आवडलं, पण पहिली प्लेट जाड आणि नंतरच्या सगळ्या पातळ असं चालू झालं की समजायचं. आम्ही ट्रायलला एका ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही, तिथे अगदी हेच झालं. पहिली प्लेट देखणी, गुलाबी, थर स्पष्ट. दुसरी प्लेट मागितली तर वीस मिनिटांनी आली, त्यात बर्फ लागलेल्या गुंडाळ्या आणि खाली भरपूर चिकन, जे आम्ही मागितलंच नव्हतं. ग्रिलची जाळी तोवर काळी ठिक्कर, बदलून द्या म्हटलं तर "मॅडम, एकदाच बदलतो". सॉस जळून धूर इतका की शेजारच्या टेबलावरचं बाळ रडायला लागलं. वर घड्याळ चालूच. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते की पहिली प्लेट बघून मत बनवूच नका, दुसरी प्लेट किती वेळात येते, काय येते, आणि जाळी न मागता बदलतात का, एवढं बघा, बाकी सगळं सजावट आहे.

जे ठिकाण शेवटी आवडलं तिथे आम्ही दोघंच आधी जाऊन आलो, आठ जणांना एकदम नेऊन फजिती नको म्हणून. लोखंडी तवा होता, मध्ये उंच, कडेला उतार आणि एका बाजूला भोक, चरबी तिथून खालच्या वाटीत गळते. ग्रिलवर उभा असलेला मुलगा मणिपूरचा होता आणि पोर्क त्याला घरचंच. त्याने तवा आधी चांगला तापवला, हात वर धरून बघितला, मगच पट्टी टाकली आणि आमच्या हातातला चिमटा काढून घेतला, कारण आम्ही दर दहा सेकंदाला उलटवत होतो. "एकदाच उलटा, ताई." खालची बाजू सोनेरी झाली की उलटायची, मग कात्रीने कापायची, मग तुकड्यांच्या कडा भाजायच्या. उताराच्या खालच्या बाजूला त्याने किमची पसरली, वरून चरबी गळत गळत त्या किमचीत जाते आणि ती तिथे परतली जाते, कडा करकरीत होतात, आंबटपणा मऊ होतो. ती किमची मी नुसत्या भाताबरोबर जेवले असते, इतकी सुंदर. आणि त्याच्याकडे दोन चिमटे होते, कच्च्याला एक, भाजलेल्याला एक. पोर्क आणि चिकनच्या बाबतीत हे झालंच पाहिजे, कुठे एकच चिमटा देत असतील तर दुसरा मागून घ्या, लाजू नका.

खायची पद्धत तर आपल्या लोकांना लगेच जमते. लेट्युसचं पान हातावर घ्यायचं, त्यात तुकडा, साम्जांग म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या वाटणाची तिखटसर चटणी, लसणाची चकती, हिरवी मिरची, थोडा कांद्याच्या पातीचा लाल मसाला लावलेला कोशिंबिरीसारखा प्रकार, पान मिटायचं आणि एका घासात, विड्यासारखं. पान तोडून दोन घासात खाल्लं तर सगळं सांडतं. लसूण कच्चा झेपत नसेल तर तव्याच्या कडेला ठेवून द्या, गोड होतो.

बीफबद्दल एक सांगायला हवं कारण लोक सिरीयलमध्ये गाल्बी (बरगडीचं मीट), बुलगोगी (मुरवलेलं पातळ मीट) बघून तेच शोधत येतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे इथल्या मेन्यूवर बीफ दिसलं तर ते साधारणपणे म्हशीचं. ते पातळ कापून सोया, साखर, लसूण, तिळाच्या तेलात मुरवलं की बुलगोगी चांगली होते, पण जाडजूड बरगडीची गाल्बी अनलिमिटेडमध्ये मिळेल ही आशा इथे ठेवू नका. पोर्क किंवा चिकनवर भर द्या, पुण्यात तेच जास्त चांगलं मिळतं.

आता नणंदेचं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. किमची ही भाजी दिसते म्हणून शाकाहारी समजतात, पण पारंपरिक किमचीत फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी घालतात. टोफूचं ते छान दिसणारं उकळतं सूप, देन्जांगचं म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं, त्याचा स्टॉक बऱ्याचदा सुक्या मासळीचा असतो. "व्हेज आहे का" विचारलं की वाढणारा माणूस मोकळ्या मनाने हो म्हणतो, कारण त्यात मटण-चिकन नाही. म्हणून नेमकं विचारावं लागतं, "यात फिश सॉस, कोळंबी, सुकट आहे का?" त्या आवडलेल्या हॉटेलच्या किचनमधल्या बाईंनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं की रोजची किमची चालणार नाही, पण दोन दिवस आधी सांगितलंत तर नुसतं मीठ, मिरची, आलं-लसूण घालून वेगळी लावून ठेवते. आणि ठेवली. त्या दिवशीच मी बुकिंग करून टाकलं. ग्रिल पण वेगळी हवी हे त्यांनीच सुचवलं. मशरूमचे जाड काप, रताळं, टोफू, मका, झुकिनी, भोपळी मिरची, आणि पनीर आपलं घरचं मुरवून दिल्यासारखं गोचुजांगमध्ये. नणंदेने लेट्युसमध्ये मशरूम-टोफू भरून किती खाल्ले याचा हिशेबच नव्हता. पैसे तिचे कमी लावले, हे फोनवर आधी बोलून ठेवलं होतं म्हणून झालं.

खाण्याचा क्रम मात्र पाळा, अनलिमिटेडमध्ये याचाच फरक पडतो. आधी साधं, न मुरवलेलं पोर्क. मुरवलेलं नंतर, कारण त्यात साखर असते, ती जळते आणि तवा खराब होतो, मग पुढचं सगळं कडवट लागतं. पहिल्या पंधरा मिनिटांत तळलेलं चिकन, नूडल्स, भात असं काय काय टेबलावर आणून ठेवतात, ते पोट भरायचं काम करतं, त्याला नंतर हात लावा. एका वेळी दोनच प्लेट मागवा पण पहिली संपायच्या आधी मागवा. शेवटी त्याच तव्यावर उरलेली किमची आणि भात परतून देतात, वर समुद्री शेवाळाचा चुरा, तव्याला लागलेली खरवड उलथन्याने काढून खायची. आमच्याकडे खरवडीवरून पोरांची भांडणं झाली. दुसरा शेवट म्हणजे नेंगम्यन, बर्फाच्या गार रश्शातल्या बारीक नूडल्स, उन्हाळ्यात तर हवंच.

टेबल बुक करताना एक्झॉस्टच्या पाइपाखालचं मागा, चालू आहे का ते बसायच्या आधी बघा. कोपऱ्यातलं टेबल एकांताचं वाटतं पण धूर तिथेच कोंडतो. सुती कपडे घाला, लोकरीचं, सिल्कचं काही नको, वास दोन धुण्यांत पण जात नाही. बिल आलं की सर्व्हिस चार्जची ओळ बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही आणि दिल्ली हायकोर्टाने २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. आम्ही तो काढायला लावला आणि तेवढेच पैसे त्या मणिपूरच्या मुलाच्या हातात दिले. आठ माणसांत त्याने तवा न सांगता बदलत ठेवला होता, दुसरी, तिसरी, पाचवी प्लेट पहिलीसारखीच आणली होती.

दिवस कोणता, तर मी शुक्रवारी संध्याकाळी सातला म्हणेन. रविवारी गर्दीत ग्रिलवर माणूस थांबत नाही. गुरुवारी किंवा संकष्टीला टेबल आरामात मिळतं कारण बऱ्याच घरांत तेव्हा नॉनव्हेज नसतं, पाळत नसाल तर तोही चांगला पर्याय. श्रावण लागायच्या आत भाच्याला परत जायचंय, गटारीच्या दिवशी कुठेच जागा मिळणार नाही म्हणून त्याच्या आधीच्या शुक्रवारचं बुकिंग करून ठेवलंय, आणि नणंदेची किमची बुधवारीच सांगायचीय.