आवाज वाढव की जरा!

"आवाज वाढव की जरा," आई म्हणाली. मी म्हटलं अगं फुल आहे आवाज, हे असंच गातात. त्यावर तिने मेथी निवडता निवडता मान वर न करता विचारलं, "मग गातात कशाला?"

किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्सच्या 'पीस ऑर लव्ह'वर माझ्या कानावर आलेला हा पहिला अभिप्राय. तारीख १८ जून २०२१, अल्बम त्याच दिवशी आला होता. मी तेव्हा वर्क फ्रॉम होमच्या कृपेने चिपळूणला आईबाबांकडे होते आणि सकाळपासून लॅपटॉपवर काम कमी आणि गाणी जास्त असं चालू होतं, कारण बारा वर्षं, अहो बारा वर्षं वाट बघितली होती या अल्बमची. म्हणजे खरं सांगायचं तर मी नऊ वर्षंच बघितली, पहिली तीन वर्षं मला ते बोअर वाटायचे, ते येईल पुढे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. नॉर्वेतल्या बर्गन शहरातले दोघं, एर्लेंड ओये आणि आइरिक ग्लाम्बेक बोए (उच्चार मला जमतील तसे लिहितेय), दोघंही १९७५ सालचे, शाळेपासूनचे दोस्त. दोन गिटार, दोन आवाज, कधी व्हायोलिन, कधी पियानो, संपलं. २००१ मध्ये त्यांचा 'क्वाएट इज द न्यू लाउड' आला, म्हणजे हळू गाणं हाच आता खरा आवाज, अशी पाटीच लावून आले म्हणा ना. प्रोड्यूसर केन नेल्सन, ज्याने आदल्याच वर्षी कोल्डप्लेचा पहिला अल्बम केला होता. मग २००४ चा, मग २००९ चा, आणि मग डायरेक्ट २०२१. सगळे त्यांना सायमन-गारफंकल (साठच्या दशकातली अमेरिकन गायक जोडी) म्हणतात, जे मला कधीच पटलं नाही, कारण गारफंकलचा आवाज पतंगासारखा वर जातो आणि हे दोघं कधी वर जातच नाहीत, एकमेकांच्या कानात बोलल्यासारखे खालीच राहतात.

तर बाबा. बाबा पडवीत पेपर वाचत होते, बाहेर पाऊस, वर पत्रा. ज्याने कोकणात पत्र्याखाली पाऊस ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. पाच मिनिटांनी म्हणाले, "ह्यांच्या गावात पाऊस पडत नाही वाटतं." मला जाम हसू आलं कारण बर्गन हे युरोपातल्या सगळ्यात पावसाळी शहरांपैकी एक आहे, वर्षातले दोनशेपेक्षा जास्त दिवस तिथे पाऊस असतो. हे सांगितल्यावर त्यांनी लगेच विचारलं, किती मिलिमीटर? (त्यांच्याकडे पावसाची वही आहे, गेली कित्येक वर्षं रोज लिहितात.) मी बघून सांगितलं, साधारण सव्वादोन हजार. "वर्षाचा?" म्हणाले, "हॅ! तेवढा आपल्याकडे श्रावण लागायच्या आत होतो. त्यांचा पाऊस भुरभुर असणार, दिवसभर चालणारा. म्हणून गाणं ऐकू येतं त्यांना." आणि परत पेपरात डोकं. मी या बँडबद्दल इंग्रजीत भरपूर वाचलंय, पण बर्गनचा पाऊस आणि यांचा आवाज अशी सांगड कुणी इतकी दोन वाक्यांत घातलेली आठवत नाही.

महिन्याभराने, २२ जुलैला, चिपळुणात पाणी शिरलं. आमचं घर वरच्या अंगाला म्हणून वाचलं, पण बाजारपेठेत ओळखीच्यांपैकी कुणाचंच दुकान राहिलं नाही आणि मग बरेच दिवस गाणी वगैरे विषयच नव्हता. त्यामुळे बाकीच्यांना ऐकवायचं राहिलं ते पुण्याला परत आल्यावर.

पुण्यात जे जे भेटले त्यांच्यावर प्रयोग केला. ताई म्हणाली, कॅफेत वाजतं ना तसं आहे, छान आहे, आणि दुसऱ्या मिनिटाला तिच्या मुलाच्या शाळेबद्दल बोलायला लागली. म्हणजे कॅफेत जसं ऐकतात तसंच ऐकलं तिने. ऑफिसमधला एकजण म्हणाला झोप लागली यार, आणि सॉरी म्हणाला. मी म्हटलं सॉरी कशाला, माझं तर मत आहे की गाण्याने झोप लागणं हा अर्धा का होईना गौरवच आहे, वाईट गाण्याने झोप लागत नाही, चिडचिड होते. एका मैत्रिणीला नुकतं बाळ झालं होतं, तिने मेसेज केला की बाळ यावर झोपतं पण मी झोपत नाही, कारण ते केस विंचरायचं गाणं ऐकून मला रडू येतं. 'कॉम्ब माय हेअर'बद्दल बोलत होती. उठून केस विंचरावेत इतकंही कारण उरलं नाही अशा माणसाचं गाणं आहे ते, आणि चाल इतकी गोड की मी पंधरा वेळा गुणगुणत भांडी घासली तेव्हा कुठे शब्दांकडे लक्ष गेलं. तिचं पहिल्याच रात्री गेलं, पहाटे तीन वाजता मांडीवर बाळ घेऊन जागी असलेली बाई माझ्यापेक्षा चांगली श्रोता असणारच.

आता जुन्या फॅन लोकांबद्दल. त्यांच्यात सरळ दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक म्हणते बारा वर्षं थांबून हेच? दुसरी म्हणते हेच तर हवं होतं. गंमत म्हणजे हा अल्बम त्यांनी पाच वर्षं पाच वेगवेगळ्या शहरांत फिरून रेकॉर्ड केलाय, आणि ऐकताना वाटतं की एका खोलीत एका दुपारी बसून उरकलाय. पहिल्या पार्टीचा राग मला समजतो, पाच शहरं फिरलात तर एखाद्या शहराचा वास तरी येऊ द्या की गाण्याला! मी दुसऱ्या पार्टीतली, पण आंधळी नाही. अकरा गाण्यांपैकी उत्तरार्धातली दोनतीन एकमेकांत मिसळून जातात, शेवटचं 'वॉशिंग मशीन' मी आजही स्किप करते, आणि ज्या दोन गाण्यांत फाइस्ट ही कॅनडाची गायिका येते तिथे एकदम खिडकी उघडल्यासारखं होतं, म्हणजेच बाकीची खोली थोडी कोंदट होती हे कबूल करावं लागतं. पण "बदलले नाहीत" ही तक्रार जरा अन्यायाची आहे, कारण एर्लेंडला बदलता येत नाही असं नाहीये, रॉयक्सॉप या नॉर्वेतल्याच इलेक्ट्रॉनिक जोडीच्या पहिल्या अल्बमवर नाचायच्या ट्रॅकवर गाणारा हाच चश्मेवाला माणूस आहे. या दोघांनी एकत्र बसलं की ठरवून हळू गायचं असं ठेवलंय. लाइव्हमध्ये तर लोकांना टाळ्यांच्या ऐवजी चुटक्या वाजवायला लावतात, टाळ्या जड होतात म्हणून.

मी स्वतः २००९ च्या 'डिक्लरेशन ऑफ डिपेन्डन्स'ला बोअर म्हटलं होतं हे सांगून टाकते. एका मित्राने पेनड्राइव्हवर दिला होता, मी पीएमटीच्या बसमध्ये बसून, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये, दीडशे रुपयांच्या इअरफोनवर ऐकला आणि तीन वर्षं त्या मताला धरून बसले. त्या अल्बममध्ये ड्रम्सच नाहीत. बसच्या इंजिनसमोर काय टिकणार ते. मग एकदा तापाने घरी पडले असताना, दुपारी सोसायटीत चिडीचूप असताना ऐकला, आणि अक्षरशः उठून बसले. अल्बम तोच, बस नव्हती.

आईचंही तसंच झालं. दिवाळीला घरी गेले होते, लाइट गेली, फ्रिज बंद, पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद, मी फोन टेबलावर ठेवून गाणं लावलं. आई अंधारात बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "हे अरुण दात्यांसारखं आहे की." आता हे ऐकून आधी मी वाद घातला, कारण भावगीतात शब्द आधी येतात, 'शुक्रतारा'त पाडगावकरांचा एकेक शब्द मोजून घ्यावा असा ऐकू येतो, आणि इथे शब्द धूसर, सुरात विरघळलेले. पण तिचं म्हणणं वेगळंच होतं. म्हणाली, नाटकातले जुने गायक शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला आवाज लावायचे, माइक आल्यावर भावगीतवाल्यांना तशी गरजच राहिली नाही, ते रेडिओतून घरातल्याशी बोलल्यासारखं गायला लागले, "हे पण घरातल्याशी बोलतायत." ज्या बाईने जूनमध्ये मग गातात कशाला विचारलं होतं तीच ही. मी लगेच तसं सुनावलं तर म्हणाली, तेव्हा कुकर लावला होता.

पण सगळ्यात भारी ऐकणारा म्हणजे मामा. मामा तबला वाजवतो, आयुष्यभर भजनांना आणि गाण्याच्या क्लासेसना साथ केली. त्याला मुद्दाम २००९ चा, बिनड्रम्सचा ऐकवला, म्हटलं बघू तालाचं काय म्हणतो. डोळे मिटून ऐकलं, बोटं गुडघ्यावर चालू. म्हणाला, "कोण म्हणतं ताल नाही? डग्गा आहे की त्याच्या अंगठ्यात." मग सांगायला लागला, की एकजण लेहरा (तबल्याच्या साथीला हार्मोनियमवर परत परत फिरणारी तीच धून) धरतोय, हलत नाहीये जागेवरून, म्हणून दुसऱ्याला फिरता येतंय, आणि लेहरा धरणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, हार्मोनियमवाल्यांना विचार. दोघांच्या गिटारींचा आवाज वेगळा का येतोय असंही त्यानेच विचारलं. मी सांगितलं की आइरिक बहुतेक वेळा नायलॉनच्या तारांची वाजवतो आणि एर्लेंड स्टीलच्या. "मग बरोबर," एवढंच म्हणाला आणि चहा मागितला.

मला वाटलं संपला विषय. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन, मी झोपेत. "अगं, तो नायलॉनवाला काय नाव म्हणालीस त्याचं?"