कोर्टांचा आणि विधिमंडळाचा पैसा अर्थसंकल्पात कुठे शोधायचा

महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडला की चर्चा रस्ते, सिंचन आणि नव्या योजनांची होते. न्यायालयांच्या आणि विधिमंडळाच्या पानांकडे फारसं कुणी वळत नाही. पण तालुक्याच्या कोर्टात स्टेनो का नाही, इमारतीचं काम का रखडलंय, याची बरीचशी उत्तरं त्याच पानांत असतात.

शोधायची मुख्य लेखाशीर्षं (खर्चाच्या वर्गवारीचे क्रमांक) दोन: विधिमंडळासाठी २०११, न्यायदानासाठी २०१४. तिथे प्रत्येक रक्कम ‘दत्तमत’ आहे की ‘भारित’, हे आधी बघायचं. दत्तमत रकमेवर विधानसभा मतदान करते. भारित रक्कम थेट राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, टाकलेली असते. तिच्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार व भत्ते घटनेच्या अनुच्छेद २०२ नुसार भारित आहेत. त्या न्यायालयाचा प्रशासकीय खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांचे पगार आणि पेन्शनसुद्धा, अनुच्छेद २२९ नुसार भारितच. कारण सरळ आहे. ज्या सरकारचे निर्णय हे न्यायालय रद्द करू शकतं, त्या सरकारच्या बहुमताच्या हातात न्यायालयाच्या खर्चाची कात्री असता कामा नये. न्यायमूर्तींचं निवृत्तिवेतन मात्र केंद्राच्या एकत्रित निधीतून जातं, म्हणून ते राज्याच्या पुस्तकात सापडणार नाही.

भारित म्हणजे विधिमंडळाला न विचारता काढता येणारा पैसा, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो चूक आहे. भारित रक्कमही विनियोजन अधिनियमात (तिजोरीतून पैसा काढायला परवानगी देणाऱ्या कायद्यात) यावीच लागते. कमी पडली तर पुरवणी मागण्यांच्या (वर्षाच्या मध्ये जादा पैसा मागण्याच्या) वेळी तीही मांडावी लागते. शिवाय दत्तमतमधली बचत भारितकडे वळवता येत नाही, उलटही नाही.

विधिमंडळात भारित असतात ते अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती आणि उपसभापती यांचे पगार व भत्ते. २८८ आमदार आणि परिषदेच्या ७८ सदस्यांचं वेतन, सचिवालय, आमदार निवास हे सगळं दत्तमत. विभागांच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभा करते, त्यामुळे विधान परिषदेचा स्वतःचा खर्चही विधानसभेच्याच मतावर मंजूर होतो.

२०११ चा आकडा म्हणजे विधिमंडळाचा पूर्ण खर्च नव्हे. माजी आमदारांची पेन्शन २०७१ या निवृत्तिवेतनाच्या शीर्षाखाली असते. नागपूर अधिवेशनाआधी रवी भवन, नाग भवन या तिथल्या सरकारी निवासस्थानांची जी डागडुजी होते ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आमदार निधी तर नियोजन विभागाच्या मागणीत.

खरी अडचण खालच्या कोर्टांची आहे. २०१४ खाली १०५ हे गौण शीर्ष (मुख्य शीर्षाचा पोटविभाग) उघडा: दिवाणी व सत्र न्यायालये. हा खर्च मुख्यतः दत्तमत आहे. अनुच्छेद २३५ प्रमाणे या कोर्टांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं, पण पद मंजूर करायचं सरकारने. जिल्हा न्यायालयाचे अंदाज उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांकडे, तिथून विधी व न्याय विभागाकडे, मग वित्त विभागाकडे जातात. सामान्य पक्षकाराचा संबंध येतो तो याच कोर्टांशी, आणि घटनेचं ते भारिताचं कवच नेमकं इथे नाही. मला ही रचनेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

त्याच पानावर उद्दिष्टनिहाय ओळी, म्हणजे पैसा कशावर खर्च होतो त्या ओळी, बघा: ०१ वेतन, ०६ दूरध्वनी-वीज-पाणी, १३ कार्यालयीन खर्च. पदं रिकामी राहिली की ०१ मधला पैसा शिल्लक पडतो आणि मार्चमध्ये समर्पित होतो, म्हणजे वित्त विभागाला परत जातो. त्याच वेळी १३ संपलेलं असतं आणि कागद, टोनरची बिलं थकतात. पैसा एकाच पानावर असूनही आपोआप खाली सरकत नाही. पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका ओळीतली बचत दुसरीकडे वळवण्याचा, प्रस्ताव वेळेत मंजूर व्हावा लागतो. म्हणून तो आठमाही सुधारित अंदाजांबरोबरच (पहिल्या आठ महिन्यांच्या खर्चावरून बदललेल्या अंदाजांबरोबर) पाठवावा. फेब्रुवारीत पाठवलेला प्रस्ताव बहुतेकदा वाया जातो.

इमारतीचा पैसा २०१४ मध्ये शोधू नका. तो भांडवली शीर्ष ४०५९ खाली असतो, न्यायाधीशांची निवासस्थानं ४२१६ खाली. केंद्राच्या योजनेत बसलेल्या कामांना केंद्र-राज्य वाटा ६०:४०. काम बांधकाम विभाग करतो: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. जागेचा ताबा नसताना तरतूद झाली की ३१ मार्चला ती व्यपगत होते, म्हणजे रद्द होते, आणि पैसा खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र अडकल्याने केंद्राचा पुढचा हप्ताही थांबतो.

कोर्टाशी जोडलेली आणखी एक रक्कम सगळ्या विभागांत विखुरलेली असते. सरकारविरुद्ध हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश, झाला की ती रक्कम भारित. भूसंपादनाचा वाढीव मोबदला हे नेहमीचं उदाहरण. विभागाने तिची तरतूद फक्त दत्तमतमध्ये केली असेल तर देयक निघत नाही, पुरवणी मागणीपर्यंत थांबावं लागतं, व्याज वाढत जातं आणि शेवटी बेलीफ कार्यालयातल्या खुर्च्या-संगणक जप्त करायला येतो.

आणि आपण भरलेली कोर्ट फी? मुद्रांकातून भरलेली फी ००३० या जमा शीर्षाखाली एकत्रित निधीत जाते. ज्या कोर्टात भरली, त्या कोर्टाच्या खर्चाशी तिचा हिशेब जोडलेला नसतो.

पुस्तकांतले आकडे हजार रुपयांत असतात: १२५०० लिहिलं असेल तर ती रक्कम १ कोटी २५ लाख. एकाच वर्षाचा अंदाज बघून थांबू नका. त्याच पानावर दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्चही असतो. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात या वर्षाचा सुधारित अंदाज येईल, तोही या अंदाजाशी ताडून बघा.