लायसँडर 1/48, नोंद 4: दिवा 'ए'चा कोपरा (रत्नागिरी, आषाढ)

लायसँडर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश विमान, त्याचं 1/48 मापाचं मॉडेल ज्यावर मांडायचं त्या पाटाचं माप ठरलं, 45 × 40 सेंमी. फ्रान्समधल्या भूमिगतांना न्यायला-आणायला विमान उतरायचं तेव्हा शेतात काठ्यांना बांधलेले तीन टॉर्च उलट्या 'एल'सारखे लावत: ए ते बी 150 यार्ड, बीपासून उजवीकडे सी 50 यार्ड. आपल्या मापात ते 2.86 मीटर आणि 95 सेंमी होतात, म्हणजे पाट सोडा, खोलीच पुरायची नाही. तिन्ही दिवे जवळजवळ कोंबलेली मॉडेलं दिसतात, ती सरळ चूक. इथे एकटा 'ए' ठेवलाय. विमान बी-सीला वळसा घालून परत तिथंच येई आणि चढउतार तिथंच होई. शिडी विमानाच्या डाव्या अंगाला, त्यामुळे दिवा आणि माणसं डावीकडेच हवीत.

माणसं साध्या कपड्यांत. जेडबर्गचे तिघे (भूमिगतांच्या मदतीला पाठवलेली दोस्त राष्ट्रांची तीन-तीन जणांची पथकं) यात घालायचा मोह आवरा. ते जून 1944 पासून गणवेशात, पॅराशूटने उतरले.

काठीला नारळाचा हीर. केरसुणीतला बुडखा जाड पडतो, शेंड्याकडचा 0.6 मिमीचा भाग घ्यायचा, लांबी 21 मिमी. टॉर्चला 0603 मापाचा चिमुकला वॉर्म व्हाइट एलईडी, 0.1 मिमी इनॅमल तार, 5 व्होल्ट. 1 किलोओहमचा रेझिस्टर लावला तर हॅलोजन पेटल्यासारखं दिसतं, 4.7 किलोओहमला नेमका खिशातला टॉर्च वाटतो. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिलने पुसा आणि वर नेलपॉलिश लावा, नाहीतर खाऱ्या हवेत जोड हिरवा पडून सुटतो.

रंग: खाली मॅट काळा, वर गडद हिरवा आणि फिकट राखाडी. आधी ही विमानं पूर्ण काळी होती, पण चांदण्यात खालच्या ढगांवर काळी आकृती वरून उठून दिसे. पोटाखाली 150 गॅलनची टाकी हवीच, आणि बंदुका नकोत.

मॅट व्हार्निशने घात केला. स्प्रेतलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्यावर पांढरी साय धरते. पाऊस असेतो ॲक्रिलिक मॅट ब्रशनेच, आणि भाग आधी तासभर 60 वॅटच्या बल्बच्या पेटीत.

मातीला जांभ्याची पूड अजिबात नको, शेत फ्रान्सचं राहत नाही, इथल्या पावस गावचं होतं. किनाऱ्याची वाळू तर धुतली तरी मीठ सोडते. नदीचा गाळ चाळून, भाजून वापरलाय. गवत काथ्याचं, 4 ते 6 मिमी कापून, हिरवट रंगवून. फेव्हिकॉलमध्ये दोन थेंब डेटॉल टाका, म्हणजे बुरशी लांब राहते.

पितळी शिडी काळवंडली होती, कोकमाच्या सालीने लख्ख झाली. मात्र लगेच साबणाने धुवायची, आम्ल राहिलं तर प्रायमर सोलतो. प्रायमर बाकी आहे, उघडीप मिळाली की.