फिल्टरने पुसलेल्या चऱ्या

लुइझियानातील एका सरकारी जंगलात तोड सुरू होण्यापूर्वी तिथल्या जुन्या खुणा नकाशावर आणण्याचे काम आमच्याकडे आले होते. 1966 च्या वारसा संरक्षण कायद्यामुळे ही पाहणी टाळता येत नाही, आणि लायडार या लेसर-मोजणीमुळे ती बसल्या जागी उरकते असा कार्यालयातील बहुतेकांचा समज आहे. लेसरच्या मोजणीतून झाडे वजा करून उघडी जमीन दिसते हे खरे. पण तिच्यावरची रेघ कशाची, हे ठरवायला चिखलातच उतरावे लागते.

आमच्या यादीत ‘जुना रस्ता’ म्हणून नोंदलेली रेघ ओढ्यापाशी खाली न उतरता गुडघाभर उंच भरावावरून पुढे जात होती. दोन्ही अंगांना माती उचलल्याचे उथळ खड्डे होते, आणि पाइनच्या सुयांचा थर सारला की दीड-दोन फुटांवर आडव्या खाचा हाताला लागत. स्लीपर कुजून गेले होते, त्यांचे साचे उरले होते. तो लाकूड वाहणाऱ्या रेल्वेचा फाटा होता.

याच राज्यातील लाँग लीफ गावची क्रोवेल कुटुंबाची लाकूड-गिरणी 1892 पासून 1969 पर्यंत चालली. तिची रेड रिव्हर अँड गल्फ रेल्वे कागदोपत्री सर्वांचा माल वाहणारी होती. गिरण्यांच्या अशा रेल्वेंना मालवाहतुकीच्या भाड्यात वाटा मिळावा की नाही, हा वाद 1914 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यामुळे मुख्य मार्गांची कागदपत्रे मिळतात, फाट्यांची क्वचितच. एक तुकडा तोडून झाला की तेच रूळ उचलून पुढे टाकले जात.

फाट्याच्या टोकापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या चऱ्या पसरल्या होत्या. रुळांवर उभे केलेले स्किडर हे वाफेचे यंत्र पोलादी दोरांनी ओंडके फरफटत ओढून आणी, त्याच्या या खुणा. असा एक स्किडर लाँग लीफच्या संग्रहालयात आजही उभा आहे. लाँगलीफ पाइनचे रोप पहिली काही वर्षे गवताच्या झुपक्यासारखे जमिनीलगत राहते, आणि ओंडक्यांखाली ते चिरडले जाई. बियाण्यासाठी झाडे राखा, असे युरेनिया गावचे गिरणीमालक हेन्री हार्डटनर सांगत राहिले. बहुतेक गिरण्यांनी ऐकले नाही.

आमच्या सहकाऱ्याने या चऱ्या ‘नॉइज’, म्हणजे मोजणीतला निरर्थक गोंधळ, समजून फिल्टरने पुसल्या होत्या. तो हुशार आहे, पण त्याने स्किडर कधी पाहिलेला नाही. वारसास्थळांच्या नोंदणीच्या अर्जाचेही तेच: रेल्वेमार्गाची लांबी, रुंदी, अवस्था यांना रकाने आहेत, चऱ्यांना एकही नाही, कारण त्या कोणी बांधलेल्या नाहीत. ओंडके वाहून नेणारा भराव वारसा ठरतो. रान कसे उजाड झाले, याचा जमिनीवरचा पुरावा मात्र ठरत नाही.

फाटा आणि चऱ्या मिळून एकच स्थळ धरावे, असे मी अहवालात लिहिले आहे. तसे धरले तर भरावाच्या अरुंद पट्ट्याऐवजी कित्येक एकर तोडीतून वगळावे लागतात, आणि ग्राहकाने अहवाल परत पाठवला आहे तो याच परिच्छेदावर खूण करून.